जुन्या चिपची चाल

गल्लीत त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. त्याचे पेशंट म्हणजे बंद पडलेले कॉम्प्युटर. माणूस मुलखाचा घायकुता, चहासुद्धा उभ्या उभ्या घशात ओतायचा. गिऱ्हाइकाला मात्र शांतपणे समजवायचा, "जुन्या रॅमच्या चिपशेजारी नवी बसवलीत, तर नवीला जुनीच्या चालीनं चालावं लागतं. चालू द्या. जुनीला दामटलंत, तर ती लिहिलेलं नासवते."

घरी त्याची ताई होती. याला जन्म देताना आई गेली आणि शाळकरी ताईनंच याला लहानाचं मोठं केलं. आईला पाहिलेलं आता तिच्याखेरीज कुणी उरलं नव्हतं, आणि तिलाच विसरण्याचा आजार जडला. डॉक्टरनं तिला घरच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. "ताई, आईचं आठवेल ते लिहीत जा."

ताई लिहू लागली. आई भांडी घासताना शिट्टी वाजवायची. हसताना तोंडावर हात धरायची. वाचताना एवढा मोठा बाप्या हरखून जायचा.

पण मशीन रडतखडत चालणारं. फाइल उघडेपर्यंत काय लिहायचं तेच ताई विसरायची. त्यानं जुन्या रॅमशेजारी नवी, वेगवान रॅम बसवली. तेवढ्यानं त्याचं समाधान होईना. आजार काही थांबायला तयार नव्हता. मग जे गिऱ्हाइकांना बजावायचा, तेच त्यानं केलं. सेटिंग बदलून जुन्या चिपलाही नव्या वेगाला जुंपलं.

फाइल झटकन उघडू लागली. मधूनच मशीन अडकायचं, पण यानं काणाडोळा केला. अन् एका सकाळी आईच्या जागी नुसते चौकोन आणि चिन्हं दिसली. प्रत होती, पण तो रोज जुन्या प्रतीवरच नवी ठेवायचा, त्यामुळे तीही तशीच नासलेली. वेग पूर्ववत केला, जंग जंग पछाडलं, पण एक ओळ परत आली नाही.

तो ताईच्या पायांशी जाऊन बसला. "ताई, आईचं परत सांग ना गं."

"कुणाच्या आईचं?" ताईनं विचारलं.

त्याला हुंदका आवरेना. ताई कावरीबावरी झाली. मग तिनं त्याचं पिकलेलं डोकं मांडीवर घेतलं आणि थोपटायला लागली.

"उगी, उगी. रडायचं नाही," ती म्हणाली. "येईल हं तुझी आई आत्ता."