अक्षतेचा दाणा आणि आजीवन हमी

हमीपत्र हा लेखनाचा सर्वांत अप्रामाणिक प्रकार आहे, हे माझे मत मी आजवर अनेक कंपन्यांना लेखी कळवले आहे. इतर करारांत दोन्ही पक्ष बोलतात. हमीपत्रात एकच पक्ष बोलतो, आणि तोही बारीक टायपात. तरीही ज्या हमीपत्राने मला सर्वाधिक संताप आणला, त्याचीच आठवण मला आज सर्वाधिक हसवते.

आमच्या घरात कायदा माझ्याकडे आणि अवजारे पत्नीकडे, अशी विभागणी लग्नापासून आहे. तिचे वडील गुजरातेतल्या आमच्या शहरातच, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. क्वार्टरच्या अंगणात त्यांच्या शेजारी बसून ती सायकली, पंखे आणि नळ खोलत मोठी झाली. मी निवृत्तीपर्यंत एका सरकारी कचेरीच्या विधी शाखेत होतो. खिळा ठोकू लागलो की भिंतीपेक्षा माझेच नुकसान अधिक होते. समा भागातल्या आमच्या सोसायटीत नळ गळू लागला की लोक तिला बोलावतात आणि बिल्डरने शब्द फिरवला की मला. तिला अधिक बोलावणी येतात, हे मी मान्य करतो.

तिच्या पान्यांचा जुना संच झिजला, तेव्हा मी तीन कंपन्यांची रीतसर तुलना केली. पहिलीचा माल शहरातल्या वाडी भागातल्या एका गल्लीत मिळे. तो सर्वांत स्वस्त होता, पण त्यावर निर्मात्याचा पत्ताच नव्हता. उद्या नोटीस पाठवायची तर कोणाला? दुसरी कंपनी पंजाबातली, मध्यम किमतीची. तिने माझ्या पत्राला दोन ओळींत उत्तर दिले: पाना मोडल्यास दुकानात आणावा, बदलून मिळेल. तिसरी परदेशी नावाची, दुपटीहून महाग आणि ‘आजीवन हमी’ देणारी. तिला मी विचारले, आजीवन म्हणजे कोणाचे जीवन? ग्राहकाचे, पान्याचे की कंपनीचे? त्यावर व्याख्या, अपवाद आणि पोटकलमांसह सविस्तर उत्तर आले. इतके नेटके कलमवार उत्तर मला नोकरीतही क्वचितच मिळाले होते. मी हरखलो.

पत्नीने तुलना दुकानात केली. तिन्ही संचांतला एकेक पाना तिने हातात तोलला, नटावर बसवून हलवून पाहिला.

“हा स्वस्तातला नटाला धरतच नाही, नुसता नाचतो. पंजाबवाला चांगला आहे. महागाचा फारच सुरेख, पण एवढ्याची जरूर नाही.”

“त्याला आजीवन हमी आहे,” मी म्हणालो.

“अहो, बाबांची पक्कड अजून चालते. तिला कोणी हमी दिली होती?”

तरी आम्ही महागाचा घेतला. त्या संचातली सर्वांत देखणी वस्तू म्हणजे रॅचेट. ही मूठ एका बाजूला नट आवळते आणि उलट फिरवली की किर्र करत मोकळी सरकते, त्यामुळे पाना सारखा उचलून बसवावा लागत नाही. पत्नीला तो किर्र आवाज इतका आवडला, की टीव्हीवर मालिका चालू असतानाही ती रॅचेट फिरवत बसे.

आमचे घराणे इथल्या मराठी संस्थानच्या फौजेतले. खंडेनवमीला शस्त्रे पुजायची, हा कुळाचार. तलवार आता चुलतभावाकडे असते. म्हणून आमच्या पाटावर माझे पेन आणि पत्नीची अवजारे मांडली जातात. त्या वर्षी नवा संच उघडून ठेवला. मी हळदकुंकू वाहिले आणि मूठभर अक्षता उधळल्या. पूजा नेहमी मीच करीत असे.

पुढे काही महिन्यांत रॅचेट मधूनच सुटू लागली. नट घट्ट होत आला की मूठ सटकायची. एकदा पत्नीची बोटे टाकीच्या पाइपावर आपटून सोलवटली.

“मी खोलून बघते. आत काहीतरी अडकलंय,” ती म्हणाली.

“अजिबात नाही. ग्राहकाने खोलल्यास हमी रद्द. कलम स्पष्ट आहे.”

“मग हमी सांभाळायची की रॅचेट वापरायची?”

मी हमी सांभाळली. रॅचेट सर्व्हिस सेंटरला गेली आणि माझा पत्रव्यवहार सुरू झाला. गणपती येऊन गेले, पावसाळा सरला, तरी ‘तपासणी चालू आहे’ याखेरीज उत्तर येईना. माझी भाषा पत्रागणिक अधिक नम्र होत गेली. माझ्या ओळखीचे लोक जाणतात की हे फार वाईट लक्षण असते. संचाच्या पेटीत रॅचेटची खाच रिकामीच होती. नवरात्र बसले तेव्हा पत्नीने शांतपणे सांगितले, “अर्धा संच मी पाटावर मांडणार नाही. नवमीपर्यंत माझी रॅचेट आणा, नाहीतर या वर्षी नुसतं तुमचं पेन पुजा.”

तिच्या अवजारांशिवाय त्या पाटाला काय अर्थ होता? अष्टमीच्या दुपारी तिच्या स्कूटरवर मागे बसून मी मकरपुऱ्याच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. मांडीवर फाइल होती.

तिथला व्यवस्थापक पस्तिशीचा, हसतमुख गुजराती गृहस्थ. माझी फाइल पाहताच त्याने ओळखले. “आवो काका. तमारा पत्रो तो अमे बधा वांचीए छीए.” माझी पत्रे तिथे सगळे मिळून वाचत होते, हे ऐकून मला राग यावा की आनंद व्हावा, ते कळेना. त्याने रॅचेट मागवली, आमच्यासमोर तिचे झाकण उघडले आणि चिमट्याने आतून काहीतरी काढून पांढऱ्या कागदावर ठेवले.

“काका, आ तो चोखानो दाणो छे.”

कुंकवाने लाल झालेला तो तांदळाचा दाणा आतल्या दात्यांमध्ये बसला होता. पत्नीने आधी दाण्याकडे, मग माझ्याकडे पाहिले. तिने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलू लागले.

व्यवस्थापक म्हणाला, आत बाहेरची वस्तू गेली, म्हणजे हमी लागू नाही. मात्र साफ करून देतो, फुकट. तक्रार मिटल्याची सही तेवढी हवी.

“मिटली नाही,” मी म्हणालो. “भारतात अवजार विकणाऱ्याने त्याची पूजा होणार हे गृहीत धरलेच पाहिजे. दर वर्षी साऱ्या देशात होते. ज्या अवजारात अक्षत शिरते ते सदोष आहे. मला लेखी नकार द्या, आणि तो दाणा व रॅचेट सीलबंद करा. हा पुरावा आहे.”

हा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. व्यवस्थापकालाही वाटला असावा, कारण तो डोके खाजवू लागला. “वात तो साची छे काका. अमे पण दशेराए मशीन पर चोखा नाखीए छीए.” तेही दसऱ्याला यंत्रांवर अक्षता टाकत होते. प्रतिपक्षाची कबुली! मी फाइल उघडून त्याचे वाक्य लिहून घेऊ लागलो.

तेवढ्यात पत्नीने टेबलावरची रॅचेट उचलली, पुसली, झाकण स्वतः बसवले आणि मनगटाने उलट फिरवली. किर्र. पुन्हा किर्र. इतक्या महिन्यांनी तो आवाज झाला आणि तिचा चेहरा असा उजळला की मी लिहायचा थांबलो.

“सीलबंद केलीत तर खटला किती चालेल?” तिने विचारले.

मी प्रामाणिक माणूस आहे. “सांगता येत नाही.”

“मग सही करा. तुमच्याकडे भांडायला हजार गोष्टी आहेत. मला ही एकच रॅचेट आहे.”

मी सही केली. सहीवर ‘सर्व हक्क राखून, केवळ पत्नीच्या इच्छेखातर’ असे लिहिले. व्यवस्थापकाने ते मोठ्याने वाचून दाखवले आणि आतले दोघेतिघे कारागीर बाहेर येऊन हसले. मीही हसलो. परतताना आम्ही एका हातगाडीवर सेवउसळ खाल्ली. खातानाही तिने रॅचेट पर्समध्ये न ठेवता हातातच धरली होती.

दुसऱ्या दिवशी मी सोवळे नेसून आलो, तर पाटासमोर तीच बसली होती.

“अवजारं माझी, पूजाही मीच करणार. तुम्ही घंटा वाजवा.”

कुळाचारात घरच्या कर्त्याने पूजा करावी, एवढेच आहे. कर्ता कोण, याची व्याख्या कुठेही दिलेली नाही. मी घंटा वाजवली.

आरती संपते न संपते तोच वरच्या मजल्यावरच्या बेन धापा टाकत खाली आल्या: त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ सुटला होता, पाणी दिवाणखान्यापर्यंत आले होते. नवमीला पुजलेले अवजार हातात घेत नाहीत. पत्नीने माझ्याकडे पाहिले.

“द्या निकाल.”

मी घंटा खाली ठेवली. “अवजाराने काम करणे हीच अवजाराची पूजा. परवानगी आहे. तातडीचे प्रकरण म्हणून.”

तिने पाटावरून संच उचलला आणि माझ्या हातात दिला. मी सोवळ्यातच पेटी घेऊन तिच्या मागोमाग जिना चढलो.