वहिनी घोड्यावरून उतरत नाहीत

वहिनींना राग आला की आधी नाकाचा शेंडा लाल होतो, मग कान, आणि शेवटी समोरच्या माणसाचे कान. घोडेस्वारीच्या स्पर्धेच्या दिवशी सकाळी त्यांनी तबेल्यात पाऊल टाकलं तेव्हाच पहिल्या दोन पायऱ्या पार पडल्या होत्या. कारण त्यांचे धाकटे दीर एका अनोळखी माणसाला वहिनींचा लाडका घोडा दाखवत उभे होते, आणि त्या माणसाच्या हातात नवाकोरा दोर होता.

"भाऊजी, हे कोण?"

"हे होय? हे आपले सहज आलेत. स्पर्धा बघायला."

"दोर घेऊन? सिनेमाला जाताना लोक घरून खुर्ची नेतात का?"

दिरांनी खाली बघून बुटाने जमीन उकरली. घोड्यांमध्ये राहून राहून त्यांना ती सवय लागली होती. तो माणूस तळ्याकाठी हौशी प्रवाशांना फिरवणाऱ्या घोडागाड्या चालवायचा. त्याला गाडीला जुंपायला एक घोडा हवा होता. आणि तबेल्याचे मालक असलेल्या दिरांना एक घोडा नको होता.

आदल्या दिवशी जेवताना सगळ्यांसमक्ष बोलणं झालं होतं. दीर म्हणाले होते, "वहिनी, तुमच्या लाडक्याने उद्या बाद न होता तिन्ही फेऱ्या पुऱ्या केल्या तर तो तुमच्याकडेच राहील. बाद झाला, तर मी विकणार." वहिनींनी भाजी वाढता वाढता "कबूल" म्हटलं होतं. राग अटीचा नव्हता. राग त्या दोराचा होता. पेपर लिहायच्या आधीच निकाल खिशात घेऊन आलेला माणूस कुणाला आवडेल?

वहिनी म्हणजे शहराच्या बसमध्ये अठरा वर्षं कंडक्टर. भरलेल्या बसमध्ये त्या अशा शिरतात, की पोळीवर लाटणं फिरावं तशी गर्दी आपोआप पातळ होते. त्यांच्या "पुढे सरका" या दोन शब्दांनी कित्येक आडमुठी माणसं आयुष्यात प्रथमच पुढे गेली आहेत. घोड्यांशी त्यांचा संबंध आला तो दिरांचा डबा पोचवण्यापुरता. एक दिवस डबा दिरांपर्यंत पोचलाच नाही. दाराशी उभ्या असलेल्या एका तांबूस घोड्याने तो त्यांच्या हातातून अलगद घेतला, आपटून उघडला, भाजी तशीच ठेवली आणि पोळ्या तेवढ्या खाल्ल्या. वहिनी त्याच्यावर पंधरा मिनिटं ओरडल्या. घोडा कान टवकारून ऐकत राहिला. इतकं मन लावून वहिनींचं बोलणं तोवर कुणीही ऐकलं नव्हतं. नवऱ्यानेसुद्धा नाही, आणि तो तर घड्याळं दुरुस्त करणारा, म्हणजे बारीक आवाज ऐकण्यातच हयात घालवलेला.

घोड्याचं बारसं सासूबाईंनी केलं. "बोलावल्याशिवाय येतो, मागून मागून खातो, आणि काम सांगितलं की रुसतो," त्या म्हणाल्या. "हा घोडा कसला, हा तर जावई!" खरे जावई तेव्हा शेजारच्याच पाटावर जेवत होते. त्यांनी तिसऱ्यांदा भात मागायचा बेत रद्द केला.

जावई नावाला जागला. ओठांनी कडी काढून तो बाकीचे घोडे मोकळे सोडायचा आणि स्वतः मात्र जागेवर साळसूद उभा राहायचा. शिकायला आलेल्यांच्या टोप्या पाण्याच्या टाकीत बुडवायचा. काम नको असलं की लंगडायचा. फक्त सकाळी कोणता पाय दुखत होता हे दुपारी त्याच्या लक्षात राहत नसे. दिरांनी साखर दिली, काठी दाखवली, बाहेरून शिकवणारा आणला. शिकवणारा टोपी न घेताच परत गेला.

मग वहिनींनी तो हातात घेतला, आणि त्यांना जे येत होतं तेच शिकवलं. खोगिराला त्यांनी सायकलची घंटी बांधली. एक घंटी, थांब. डबल बेल, चल. मध्ये सगळा वेळ बोलणं: "पुढे सरक, दारात उभा राहू नकोस, झोपलास काय रे, उतरायचंय लोकांना!" महिनाभरात जावई बससारखा चालायला लागला, आणि आपल्या शहराच्या बसपेक्षा वेळेवर. वहिनी त्याच्यावर बसून आधी ओंडके ओलांडायला शिकल्या, मग कुंपणं. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. ड्यूटी संपली की पोटऱ्या दुखत असताना त्या तबेल्यात यायच्या. दिवसभर लोक त्यांना ढकलत. इथे तासभर त्यांना उचलून नेणारं कुणीतरी होतं.

हा तासच आज पणाला लागला होता. आणि तो माणूस दोर घेऊन!

पहिली फेरी चालीची. रिंगणात ठरलेल्या जागी वळायचं, ठरलेल्या जागी थांबायचं, डौलात चालायचं. प्रत्येक जागेवर एक अक्षराची पाटी आणि एक फुलांची कुंडी. परीक्षकबाई मोटारीत बसल्या होत्या. त्यांनी हॉर्न वाजवला की सुरुवात. नियम एकच जाचक होता: घोड्याशी बोलायचं नाही. बोललं की गुण कापले.

वहिनींना गप्प बसवणं म्हणजे उकळत्या पातेल्यावर बसून झाकण दाबण्यातला प्रकार. त्या ओठ मिटून आत गेल्या. जावई चार पावलं चालला आणि त्याला चुकल्यासारखं झालं. वरून आवाज नाही! त्याने मान वळवून बाई वर आहेत ना, ते पाहिलं. आहेत. मग बोलत का नाहीत? रागावल्या असतील. समजूत काढायला हवी. तो पहिल्या पाटीपाशी थांबला आणि कुंडीतली फुलं खाऊ लागला. (समजूत काढायची ही पद्धत त्याची स्वतःची होती.)

वहिनींनी टाचा दाबल्या. जावई पुढच्या कुंडीकडे गेला. एकूण एक कुंडी त्याने चाखली, पण नवल म्हणजे सगळी वळणं त्या नादात बरोबर घेतली गेली, कारण कुंड्या वळणांवरच होत्या. बाहेर येईपर्यंत वहिनींचे कान जांभळे झाले होते.

"सगळ्यांत कमी गुण," दीर म्हणाले. "पण बाद नाही." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, की गाडीवाल्याने दोराची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली.

"मेल्या, फुलं खातोस?" वहिनींनी कुंपणाबाहेर येताच तोंडाची वाफ सोडली. "घरी जेवायला घालत नाही का तुला? चार लोकांत माझी शोभा! सोन्यासारखी वळणं घेतलीस आणि तोंडात शेवंती!" जावयाचे डोळे आनंदाने मिटले. गाडी पुन्हा रुळावर आली होती.

दुसरी फेरी उड्यांची. रंगवलेले दांडे, एकामागून एक. इथे बोललं तरी चालत होतं. खोगिराची घंटी मात्र सकाळीच काढून ठेवायला लावली होती. असली उपकरणं चालत नाहीत म्हणे. वहिनींना त्याची चिंता नव्हती. आवाज होता ना. जावयाला दांडे ओलांडायला आवडायचं, कारण ते ओलांडून पळून जाण्याचा सराव त्याने स्वतःच केला होता. नवरा कुंपणाला टेकून थर्मास घेऊन उभा होता. वहिनी रिंगणात शिरल्या, जावयाला दौडीत घेतलं, सुरुवातीच्या रेषेकडे वळवलं. सुंदर चाललं होतं.

आणि परीक्षकबाईंनी फेरी सुरू झाल्याची खूण म्हणून टेबलावरची पितळी घंटा वाजवली. एकदा.

जावई जागच्या जागी थांबला. असा थांबला की वहिनी त्याच्या मानेपर्यंत पोचल्या आणि मोठ्या मुश्किलीने परतल्या. चारही पाय रोवलेले, मुद्रा आज्ञाधारक. एवढा शहाण्यासारखा तो जन्मात कधी वागला नव्हता.

महिनोन् महिने आपण काय शिकवत बसलो होतो ते वहिनींना एका क्षणात दिसलं. सकाळी मोटारीचा हॉर्न होता म्हणून निभावलं. घंटा असेल हे मनातही आलं नाही! घंटा वाजवणारे आपणच, ही अठरा वर्षांची मिजास!

"चल! पुढे सरक! अरे चल, मुडद्या!"

जावई हलेना. बोलणं ठीक आहे, पण सिंगल बेलनंतर डबल बेल झाल्याशिवाय गाडी सुटत नसते, हे बाईंनीच शिकवलं होतं. आता त्याच नियम मोडायला सांगत होत्या. तो मोडणाऱ्यातला नव्हता.

"अहो!" वहिनी परीक्षकबाईंवर ओरडल्या. "आणखी दोनदा वाजवा!"

"काय?"

"घंटा! डबल मारा! त्याशिवाय सुटत नाही हा!"

"बाई, मला नियम शिकवू नका. तुमची वेळ संपत चालली आहे."

"वेळ तुम्हीच घालवताय! दोन टोले द्यायला हात झिजतो का तुमचा?"

परीक्षकबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, वेळ संपल्याची खात्री केली आणि स्पर्धक बाद झाल्याची खूण म्हणून घंटा पुन्हा वाजवली. जोरात, एकामागून एक.

झालं! जावई सुटला. पहिला दांडा, दुसरा, तिसरा. पाण्याची उडी, जोडकुंपण, शेवटची उंच भिंत. एकाही दांड्याला खूर लागला नाही. माणसं उभी राहिली, टाळ्या वाजल्या. नवऱ्याने थर्मासचं झाकण समजून बोट पिळलं. त्या दिवसातली सर्वांत सुरेख फेरी बाद झालेल्या घोड्याने केली, आणि लाउडस्पीकरवर शांतपणे सांगण्यात आलं की स्पर्धक बाद आहे, कृपया मैदान सोडावं.

फाटकाबाहेर दीर आणि गाडीवाला उभे होते.

"वहिनी, वाईट वाटतं," दीर म्हणाले, "पण शब्द म्हणजे शब्द."

"डोळे आहेत ना तुम्हाला? एक दांडा पडला का?"

"बाद तो बाद. तुम्ही कबूल म्हणालात. सगळ्यांनी ऐकलंय."

"कबूल म्हणाले तेव्हा तुम्ही यांना आधीच बोलावून ठेवलंय हे सांगितलंत? तबेल्याला घोडा परवडत नाही म्हणा, मी ऐकून घेईन. पण मला पैजेवर बसवलंत, आणि निकालाला दोर घेऊन माणूस उभा केलात! ही कुठली रीत?"

दीर पुन्हा बुटाने जमीन उकरू लागले. तेवढ्यात गाडीवाला पुढे झाला. "बाई, उतरा जरा. दात बघायचेत."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. अठरा वर्षांत कितीतरी माणसांनी त्यांना काय काय सांगितलं होतं. पण "उतरा" हा त्यांचा शब्द होता. तो त्या दुसऱ्यांना सांगत.

"मी उतरणार नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. कळत नाही? बसून आहे. तुम्हाला घोडा हवाय ना, घेऊन जा. मी वर आहे."

त्यांनी जावयाला फाटकाच्या मधोमध आडवा उभा केला. बसवाल्यांच्या संपात त्या आगारासमोर दोनदा बसल्या होत्या. हे तर त्यामानाने गादीवर बसणं होतं. मागे घोडे वाहून नेणाऱ्या गाड्या खोळंबल्या. कुणी हॉर्न वाजवला. वहिनींनी मान न वळवता ओरडून सांगितलं, "वाजव, वाजव! घंटा सोडून काहीही वाजव!"

दिरांनी समजावलं. मग चिडले. मग सासूबाईंना फोन लावून वहिनींच्या हातात दिला. सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "बस तशीच. आणि त्याला फोन दे." दिरांनी फोन कानाला लावला, आणि पुढची काही मिनिटं ते नुसतं "हो आई, नाही आई" करत होते. नवऱ्याने चहा ओतून वर दिला. "अगं, थंडी आहे, शाल देऊ का?" एवढंच विचारलं. वहिनी म्हणाल्या, "शाल नको. तुम्ही इकडच्या बाजूला उभे राहा, तो दोरवाला त्या बाजूने येतोय."

उन्हं कलली. वहिनींच्या मांड्या बधिर झाल्या होत्या, कंबर मोडल्यासारखी झाली होती, आणि राग मात्र ताजाच होता. उलट बसल्या बसल्या मुरत होता. जावईसुद्धा कंटाळला होता, पण डबल बेल झाली नव्हती. त्याने वेळ घालवायला गाडीवाल्याच्या हातातला दोर ओठांनी ओढून घेतला आणि चघळू लागला.

शेवटी गाडीवाल्याने हात झटकले. "मला घोडा हवा होता, मालक. वर बाई बसलेला नको. प्रवासी कुठे बसवू?" आणि तो गेला. दोर परत मागायची त्याला हिंमत झाली नाही.

"आज हा गेला," दीर म्हणाले, "उद्या दुसरा येईल."

"येऊ दे. ड्यूटी सुटली की मी इथेच असेन. वर."

दिरांनी वर पाहिलं. घामाने ओला झालेला, धुळीने माखलेला तो चेहरा त्यांना लहानपणापासून नाही, पण वहिनींच्या लग्नानंतरच्या बावीस वर्षांत पुरता पाठ झाला होता. त्यांनी रिकिबीला हात लावला. "उतरा आता वहिनी. राहू दे तुमच्याकडे."

"काय राहू दे?"

"घोडा."

"नीट सांगा."

"नाही विकत मी," दीर पुटपुटले.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. मागे गाड्यांची रांग, त्यामागे माणसं, त्यामागे घंटा घेऊन बसलेल्या परीक्षकबाई. वहिनींनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"मागच्या दारापर्यंत ऐकू गेलं नाही, भाऊजी. पुन्हा म्हणा."