पौर्णिमेची खीर

आम्ही तिघी एकाच वर्षी त्या सरकारी शाळेत रुजू झालो. मी विज्ञान शिकवायची, दुसरी मराठी आणि तिसरी गणित. मराठीवाली सेलूकडच्या एका खेड्यातली, भरपूर शेती असलेल्या घरातली. गणितवाली परभणीतच वाढलेली, मुसलमान. मी बौद्ध. तेव्हा आम्ही अशी ओळख करून घेतलीच नव्हती. रविवारी दोन-तीन तास घराबाहेर पडायला निमित्त शोधणाऱ्या तीन बाया होतो, एवढंच.

निमित्त मराठीवालीनंच काढलं. "देवाला जाते म्हटलं की सासू अडवत नाही," ती म्हणाली. "कुणाच्या देवाला, ते कुठं विचारते?"

मग सुरू झालं आमचं फिरणं. दर्ग्यात गेलो, तर बायकांना जाळीपाशीच थांबावं लागलं. गणितवाली म्हणाली, "आमालाच आत घेत न्हाईत, तुमची शिफारस कुठून करू?" आम्ही पायरीवर बसून पोट दुखेस्तोवर हसलो. जिंतूरच्या डोंगरातली जैन लेणी बघितली. पूर्ण्याला एका लहानशा चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. प्रार्थनेला कधी उठायचं आणि कधी बसायचं ते कळेना, म्हणून पुढच्या म्हातारीकडे बघून तसंच करत राहिलो.

मराठीवालीच्या गावच्या देवीलाही गेलो. दर्शन घेऊन तिच्या माहेरी जेवायला बसलो, तेव्हा तिच्या काकूनं मला विचारलं, "आडनाव काय म्हणायचं बाई तुमचं?"

मी तोंड उघडायच्या आतच मराठीवाली म्हणाली, "अगं काकू, आमच्या शाळेतल्या मॅडम आहेत त्या. तू पोळी वाढ."

काकूनं वाढली. मी पोटभर जेवले. मैत्रीण मला चौकशीतून वाचवतेय, असंच मला वाटलं. परतताना बसमध्ये मी तिचे आभारसुद्धा मानले.

आमच्या वस्तीतल्या विहाराचं मात्र पुढं पुढं जात राहिलं. कधी मराठीवालीकडे पाहुणे, कधी तिच्या मुलाची परीक्षा. शेवटी एका रविवारी पौर्णिमा आली आणि दोघी आल्या. माझी माय पांढरं लुगडं नेसून सकाळपासून विहारात होती. खीर तिनंच केली होती. वंदना झाल्यावर तिनं वाट्या भरून दोघींच्या पुढं ठेवल्या. गणितवालीनं दोन वाट्या खाल्ल्या. मराठीवालीनं हात जोडले. "मावशी, माझा पौर्णिमेचा उपवास असतो."

मायला हळहळ वाटली. "आधी सांगितलं असतंस तर साबुदाणा केला असता की गं लेकरा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पहाटे उठली आणि पुन्हा दूध आटवलं. वेलदोडे नव्हते, ते शेजारणीकडून आणले. स्टीलचा डबा माझ्या हातात देत म्हणाली, "कालची दिली न्हाई म्हणावं. ताजी हाय."

मधल्या सुट्टीत मी डबा मराठीवालीला दिला. "अय्या, मावशींनी कशाला त्रास घेतला!" म्हणून तिनं तो पर्समध्ये ठेवला. शाळा सुटताना डबा माझ्या टेबलावर होता. घासून पुसून लख्ख. "लय छान होती खीर, सांग त्यांना," असं म्हणून ती बसला गेली.

मी हात धुवायला नळावर गेले. मोरीच्या जाळीवर भात अडकला होता. पांढरा, दुधाळ, फुगलेला. दोन वेलदोड्यांच्या साली होत्या.

मागं गणितवाली उभी होती. माझा चेहरा बघून ती म्हणाली, "मी बघितलं तिला ओतताना."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तीन वर्षं आपण एकत्र जेवतो. माझ्या डब्यातलं तिनं कधी काही घेतलंय का? आठव."

मी आठवून बघितलं. कधीच नाही. गणितवालीची शेवयांची खीर, तिचे कबाब, साधी मेथीची भाजीसुद्धा. दर वेळी मराठीवालीला पित्त असायचं, नाहीतर पोट भरलेलं असायचं. हे तीन वर्षं माझ्यासमोर घडत होतं आणि मला दिसलं नव्हतं. दिसलं नव्हतं, की बघायचं नव्हतं, ते अजून मला ठरवता येत नाही. गणितवालीला मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरीही ती रोज डबा मधोमध सरकवायची.

त्या संध्याकाळी मायनं विचारलं, "खाल्ली का गं तिनं?"

"चाटून पुसून."

माय खूश झाली. पुढच्या पौर्णिमेला दोघींना घेऊन ये म्हणाली.

मराठीवालीला मी त्याबद्दल एक शब्दही बोलले नाही. आजही तिच्याबरोबर चहा पिते, तिच्या मुलाच्या लग्नाला आहेर करून आले. आमचं फिरणं आपोआप बंद पडलं. का, ते तिनंही विचारलं नाही. मागच्या सव्वीस जानेवारीला तिनं मुलांसमोर सर्वधर्मसमभावावर भाषण केलं. त्यात आमच्या त्या रविवारांचा उल्लेख होता, दर्ग्यापासून विहारापर्यंत सगळ्यांचा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होते. मीही वाजवल्या.

मायला मी सांगून टाकलं होतं की मराठीवालीची बदली झाली. ती अजून विचारते, "आता कुठं झाली गं बदली?" दर वेळी मला नवं गाव शोधावं लागतं.