रूथबाईचा दशांश

रविवारी उपासना आटोपून घरी येताना मी आणि माझी बायको लीला देवळातले किस्से एकमेकांना सांगत यायचो. घर येईपर्यंत ते संपून जायचे. काही वर्षांपूर्वी लीला वारली, तेव्हापासून ते साचत चाललेत. किस्से घरात भरून ठेवलेल्या कापसासारखे असतात. वेळेवर बाहेर काढले नाहीत तर पिवळे पडतात, आणि अंगाला खाज सुटते ती वेगळीच. म्हणून त्यातले थोडे इथे काढून ठेवतो.

आमचं गाव खामगावपासून फार लांब नाही. ख्रिस्ती घरं मोजकी, बहुतेकांची कोरडवाहू शेती. मी हायस्कूलमध्ये मास्तर, म्हणून देवळाच्या मंडळीच्या पंचांत मला घेतलेलं. पंचाचं काम म्हणजे पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, बोलले की मान हलवायची.

* * *

पाळकसाहेब नगरकडचे. माणूस वाईट नव्हता. वरच्या कचेरीचा त्यांच्यामागे पैशांचा तगादा असे, तोच ते आमच्यामागे लावत. गावात बीटी कपाशीचं बियाणं आलं त्या हंगामात त्यांनी दशांशावर, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्यावर, ओळीने प्रवचनं केली. "विश्वासाने पेरा. एकाचे शंभर होतील."

बाहेर चपला घालताना मागच्या बाकावरचे शमुवेलमामा मला म्हणाले, "मास्तर, बीटीचा एजंट बी हेच म्हने. पन त्याच्या पाकिटावर तक्रारीले फोन नंबर तरी होता."

* * *

पुढे एका वर्षी कपाशीवर लाल्या आला. पानं लाल झाली, बोंडं धरलीच नाहीत. नेमका त्याच वर्षी नियम निघाला : ज्यांचा दशांश आला नाही, त्यांच्या घरच्या लग्नाची नावं देवळात वाचायची नाहीत. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं वाचून कोणाची हरकत आहे का ते विचारतात. नावं वाचली नाहीत तर लग्न लागत नाही.

या नियमात पहिली सापडली रूथबाई. नवरा वारलेला, कपाशीचं एकच वावर, पदरात एक मुलगी, सरिता. सरिताची सोयरीक जालन्याच्या मुलाशी ठरली होती, आणि उन्हाळ्यात लग्न उरका, नाहीतर आम्ही दुसरी पाहतो, असा त्यांचा निरोप होता.

पंचांच्या बैठकीत रूथबाई दाराशी उभी राहिली. पाळकसाहेब म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा आहे, बाई. दशांश आला की नावं वाचतो."

"आन् पिकलंच नाई त?"

"विश्वास ठेवा."

"तो हाय जी. तो चालत असन त आत्ताच देतो."

पंचांनी पाळकसाहेबांकडे पाहून माना हलवल्या. मीसुद्धा.

* * *

देवळाच्या मागच्या हॉलला प्रार्थनास्थळ म्हणून घरपट्टी माफ होती. हंगामात तोच हॉल एका व्यापाऱ्याला कापूस ठेवायला भाड्याने दिलेला असे. पंचायतीत कोणीतरी तक्रारीचा अर्ज केला आणि ग्रामसेवक पाहणीला येणार असं कळलं. पाळकसाहेबांनी त्या रविवारची उपासना हॉलमध्येच ठेवली. आम्ही कापसाच्या ढिगांवर बसलो. गीत म्हणायला तोंड उघडलं की तंतू आत जायचा. म्हाताऱ्यांना बसल्याबरोबर डुलकी लागली.

ग्रामसेवक शेवटपर्यंत हात जोडून उभे होते. वहीत 'प्रार्थना चालू' असं लिहिलं. जाताना अर्पणाची थाळी समोर आली, तेव्हा बाहीला चिकटलेला कापसाचा पुंजका काढून त्यांनी थाळीत टाकला आणि निघून गेले.

* * *

नव्या इमारतीसाठी देणग्या मागायला शहरातून एक साहेब आले. म्हणाले, "आपल्या ट्रस्टला सरकारची सूट आहे. पावती जपून ठेवा, तुम्हालाही इन्कम टॅक्समध्ये फायदा होईल."

शमुवेलमामा उभे राहिले. "साहेब, तो टॅक्स लागाले किती कमवा लागते?"

साहेबांनी आकडा सांगितला.

"मंग थांबा जरासे," मामा खाली बसत म्हणाले. "आमी बी त्याचीच वाट पाहून राह्यलो."

* * *

वर्षश्राद्धासारखं आमच्यात काही नसतं, पण स्मरणार्थ दान असतं. लीला जाऊन वर्ष झालं तेव्हा पाळकसाहेब घरी आले, प्रार्थना केली, चहा घेतला आणि म्हणाले, "बाईंच्या नावाने एखादा पंखा?"

दिला. देवळात टांगला, पात्यावर लाल रंगात तिचं नाव आलं. पंखा चालू असला की नाव दिसत नाही, थांबला की दिसतं. आमच्याकडे लाइट रोज जाते, त्यामुळे अडचण नाही.

असंच एकदा लाइट गेली असताना रूथबाई वर पाहत म्हणाली, "बाईचं नाव वाचता येते, मास्तर. आमच्या पोरीचं कवा वाचतीन?"

जालन्याहून दुसरा निरोप येऊन गेला होता.

* * *

हंगामाच्या सणाला शेतातलं जे काही आलं असेल ते वेदीपुढे आणून ठेवायचं, पाळकांनी त्यावर प्रार्थना करायची, मग लिलाव. वेदीपुढे आलेली वस्तू परत करायची नाही, अशी जुनी रीत. त्या वर्षी दोन भोपळे, थोडी तूर, कोणाची कोंबडी, एवढंच जमलं होतं.

पहिलं गीत संपता संपता रूथबाई आली. डोक्यावर पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांची मोळी. मधल्या वाटेने सरळ पुढे गेली, भोपळ्यांशेजारी मोळी उतरवली आणि पदराने तोंड पुसलं.

पाळकसाहेबांनी विचारलं, "हे काय, रूथबाई?"

"दशांश."

"ही तर पऱ्हाटी आहे."

"हाव. यंदा वावरात हेच निंघालं. दहा मोळ्या झाल्या, त्यातली एक देवाची."

"आणि बाकीच्या नऊ?"

"घरी रचून ठेवल्या, साहेब. पोरीच्या लग्नाचा सैपाक कायच्यावर करू?"

पाळकसाहेबांनी त्या काड्यांकडे पाहिलं. मग पायऱ्या उतरून खाली आले, मोळीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. प्रार्थना नेहमीपेक्षा लांबली. 'आमेन' झाल्यावर त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि लग्नाची नावं लिहायची वही उघडली.

"मुलाचं पूर्ण नाव सांगा, बाई."