केअरलेसली

"रिमूव्ह की रिमूव्ह्ड? काढतो, की काढलं? नीट बोल ना."

मॅनेजर हसत विचारत होता. टेबलाभोवतीचे सगळे हसले. काही खुर्च्या रिकाम्या होत्या, पण मला कोणी बस म्हणालं नाही.

अंबडच्या त्या कारखान्यात मी पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर होते. शेजारच्या मशीनवर सुनंदाताई. तिच्या उजव्या हाताची बोटं प्रेसखाली गेली होती. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला जाळी असते, तिला गार्ड म्हणतात. माल भराभर निघावा म्हणून मॅनेजरनं ते गार्ड स्वतःच्या हातानं काढलं होतं. ताई म्हणालीही, "साहेब, हात जाईल माझा." तो म्हणाला, "लक्ष ठेवून काम कर." मी तिथंच उभी होते.

चौकशीला चेन्नईहून मोठे साहेब आले. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. दुभाषा कोण, तर मॅनेजर. ज्यानं गार्ड काढलं, तोच आमचं बोलणं साहेबांना सांगणार. म्हणून मी धीर करून इंग्रजीत बोलले. "ही रिमूव्ह गार्ड."

त्यानं तेवढंच वाक्य माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. सगळ्यांचं हसून झालं. मग साहेबांना म्हणाला, या बायकांना 'ही' आणि 'शी'मधला फरक कळत नाही. "शी सेज, सुनंदा केअरलेसली रिमूव्ह्ड द गार्ड."

साहेबांनी मान हलवली. चौकशी संपली.

शेवटून चौथा शब्द मला कळला नव्हता, पण कानात रुतला होता. घरी जाताना शेअर रिक्षात एक कॉलेजची मुलगी होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "केअरलेसली? निष्काळजीपणे."

हॉस्पिटलात जाऊन ताईला सांगितलं. ती बँडेजकडे बघत राहिली. "म्हंजे माझा हात म्याच तोडला का?"

तिला कामावरून काढलं. भरपाई नाही. चूक तिचीच ठरली होती.

मला रडू आलं नाही. त्या माणसाला त्याच भाषेत गाठायचं, एवढंच डोक्यात बसलं. इंदिरानगरला संध्याकाळचा क्लास लावला. शिफ्ट संपली की हात धुऊन तिथं. बाकीच्यांना इंटरव्ह्यू द्यायचे होते, परदेशी जायचं होतं. बाईंनी भूतकाळ शिकवला, वाक्यं करायला सांगितली. कोणी म्हणालं, शी वेंट टु मार्केट. मी म्हणाले, "ही लाफ्ड लाउडली. शी लॉस्ट हर फिंगर्स."

बाईंनी विचारलं, "हा 'ही' कोण?"

"आमचा मॅनेजर."

बाई म्हणाल्या, "मग आधी नाव घे. नुसतं 'ही' म्हटलंस तर ते कोणावरही ढकलता येतं."

ते मी गाठीला बांधलं.

युनियननं लावून धरलं आणि चौकशी पुन्हा उघडली. तेच साहेब, तीच खोली. मॅनेजर माझं बोलणं सांगायला उठला. मी म्हणाले, "बसा साहेब. माझं मी बोलते." खुर्ची ओढली आणि बसले. त्याचं नाव घेतलं, आडनावासकट. त्यानं काढलं. ताईनं त्याला स्पष्ट बजावलं होतं. तरी त्यानं डेलिबरेटली, म्हणजे मुद्दाम, काढलं. एकेक शब्द सावकाश बोलले. मोठे साहेब त्याच्याकडे वळले. तो लाल झाला, त्यानं पाणी मागितलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तो सस्पेंड झाला. ताईनं त्याच्यावर कोर्टात खटला भरला, त्यात मी साक्षीदार. मग एका रविवारी तो घरी आला. बायकोला घेऊन, मिठाई घेऊन. पहिल्यांदाच मला ताई म्हणाला.

"ताई, एकच शब्द बदला. मुद्दाम म्हणू नका, चुकून म्हणा. माझं घर उद्ध्वस्त होईल."

त्याची बायको रडत होती. मी मिठाईचा डबा तिच्या हातात परत दिला.

"सुनंदाताईला डावा हात वापरून भाकरी थापता येत नाही," मी म्हणाले. "तुम्ही जेवता का अजून उजव्या हातानं?"

मी दार लावून घेतलं.

पुढच्या तारखेला मी कोर्टात उभी राहणार आहे. मराठीत विचारलं तर मराठीत सांगेन, इंग्रजीत विचारलं तर इंग्रजीत. त्याला शिक्षा होईपर्यंत प्रत्येक तारखेला जाईन. त्याला दया हवी असेल तर ती त्यानं दुसरीकडे मागावी. माझ्याकडे नाही.