खाजेच्या साबणाची गिऱ्हाइकं

मेडिकलच्या काउंटरवर बसणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात. औषध निदान एक्सपायरी झाल्यावर कंपनी परत नेते, किस्से कोण नेणार? अंजनगाव सुर्जीत रफिकभाईंच्या दुकानात मी बरीच वर्षं काउंटर सांभाळलं. बोंडअळीची वर्षं होती ती. फवारण्या वाढत गेल्या, कापूस घटत गेला आणि खाज घरोघरी पोचली. त्यामुळे आमच्याकडे सगळ्यात जास्त खपायचा तो औषधी साबण!

एका काकांना साबण देऊन मी म्हटलं, "दिवसातून दोनदा."

काकांनी गंभीरपणे विचारलं, "जेवनाच्या अगुदर का नंतर?"

रफिकभाई आतून ओरडले, "काका, आंघोळीच्या वक्ती!"

*

कापूस वेचणाऱ्या एक मावशी परत आल्या. "साबन चांगला हाये. पयले म्हशीले लावून पाह्यला."

"म्हशीले काहून?"

"तिले काही झालं असतं तं मी लावला नसता ना! पन आता म्हैस बिना साबनाची धुऊ देत नाही. दोन द्या!"

*

एका गिऱ्हाइकाच्या पोरीला पाहायला पाहुणे आले आणि घरभर या साबणाचा वास. मुलाची आई बसल्याबरोबर म्हणाली, "घरात कोनाचं आपरेशन झालं का?"

सगळ्यांची तोंडं उतरली. तेवढ्यात नवरदेव मान खाजवू लागला. शर्टाची कॉलर सरकली, तर खाली हे मोठं गजकर्ण!

जाताना पाहुण्यांनी साबणाचं नाव विचारून घेतलं. लग्न जमलं!

*

रफिकभाई प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचे, "टॉवेल अलग, कपडे अलग." मग त्यांनाच खाज सुटली. भाभींनी टॉवेल अलग केला, ताट अलग केलं आणि खाट ओसरीत टाकली.

दुसऱ्या दिवशी रफिकभाई चिडून म्हणाले, "टॉवेल अलग सांगतलं होतं, मले अलग कराले कोनं सांगतलं?"

*

महादेवभाऊ आणि शंकर सख्खे भाऊ. वाटणी झाल्यापासून बोलणं बंद. विहीर तेवढी सामाईक राहिलेली. शंकरनं उघड्या अंगानं फवारणी केली आणि त्याची सारी पाठ उठली.

महादेवभाऊ दुकानात आले. "ताई, शंकर आला की हा साबन त्याले द्या. म्या देल्ला म्हनून सांगू नका."

शंकर आला. मी साबण पुढे केला.

"कोनं देल्ला?"

मी फळीवरच्या बाटल्या नीट लावू लागले. त्यानं साबण हातात फिरवला आणि खिशात घातला.

काही दिवसांनी दोघं नेमके एकाच वेळी दुकानात! एक काउंटरच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. रफिकभाईंनी हातातला चहा खाली ठेवला.

"पाठ कशी हाये म्हना?" महादेवभाऊंनी विचारलं. मला!

शंकरही माझ्याकडेच पाहून म्हणाला, "बाजूची बरी हाये. मधात हात पोचत नाही."

महादेवभाऊंनी पिशवी उचलली, पायरी उतरले आणि मागे न पाहता म्हणाले, "ताई, त्याले सांगा, सकायी मी विहिरीवरच असतो."