बेडूकमासा दिसला का?

समुद्राखाली बोलता येत नाही, डायव्हिंगमधली ही एकच गोष्ट मला कधी मानवली नाही. आमच्या ह्यांना मात्र तीच सगळ्यांत आवडायची, असं ते सोसायटीत सांगत फिरायचे. पन्नाशीच्या तोंडावर आम्ही दोघं डायव्हिंग शिकलो आणि दर हिवाळ्यात अंदमानला जायला लागलो. माझ्या रबरी सूटची चेन बिघडली तेव्हा तो उल्हासनगरच्या शिंप्याकडे नेला. त्याने उलटासुलटा करून विचारलं, "भाभी, इसमें हवा किधर से आएगी?"

आम्हाला मोठ्या माशांचं वेड नव्हतं. बाकीचे कासवामागे जायचे, आम्ही एकाच खडकापाशी रेंगाळायचो. बोटाएवढे गोबी, काडीसारखे पाइपफिश, आणि सगळ्यांत लाडका बेडूकमासा. त्याला पोहायचाच कंटाळा. खडकावर वाढलेल्या स्पंजावर, स्पंजाच्याच रंगाचा होऊन, हातांसारखे पर टेकवून तो बसून राहतो. त्याला शोधायचं तर मासा शोधायचाच नाही. कोणत्या स्पंजाला तोंड आहे, ते बघायचं. तोंडाचे कोपरे खाली वळलेले असतात, मानपान न मिळालेल्या वरपक्षासारखे.

म्हणून आमची खूण ठरली होती. दोन बोटं ओठांच्या कोपऱ्यांवरून खाली ओढायची, म्हणजे बेडूकमासा. मी खूण करायची, बोट दाखवायची, मान हलवून विचारायची, दिसला? ते अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचे. ओके, दिसला. पुढे ती खूण घरातही आली. अंबरनाथ पूर्वेच्या भाजीबाजारात मनासारखी मेथी मिळाली नाही आणि ह्यांचा चेहरा पडला, की मी गर्दीतून बोटं ओठांवर ओढायची आणि ते हसायचे.

गेल्या वर्षी त्यांना स्टेंट बसला. डॉक्टरांनी डायव्हिंग कायमचं बंद केलं. ह्यांचं मग संध्याकाळी शिवमंदिरापर्यंत फेरी मारायची आणि येऊन गॅलरीत बसायचं, एवढंच. मीही जाणार नव्हते, पण त्यांनीच मागे लागून मला एकटीला पाठवलं.

पहिल्याच डाइव्हमध्ये पिवळ्या स्पंजावर बेडूकमासा सापडला. सवयीने बोटं ओठांकडे नेली आणि वळले, तर शेजारी गाईड. त्याने अगदी व्यवस्थित ओके केलं. मला रडू आलं. मास्कच्या आत रडणं फार गैरसोयीचं असतं, नाकही पुसता येत नाही. इतका छान मासा आणि तो ज्यांना दाखवायचा ते घरी गॅलरीत बसलेले. तिथेच ठरवलं, हे शेवटचं.

घरी आल्यावर त्या जागेचा फोटो टीव्हीवर लावला आणि सांगून टाकलं, "आता मी जाणार नाही. तुम्हाला दिसत नाही, तर तो मासा घेऊन मी काय करू?"

ते फोटोकडे बघत म्हणाले, "अगं, मला तो कधीच दिसला नाही."

"म्हणजे?"

"बेडूकमासा. एकदाही नाही. तू दाखवायचीस, मला नुसता खडक दिसायचा. तू एवढी खूश असायचीस. आणि मला दिसेपर्यंत तू तिथून हलली नसतीस, हवा संपवली असतीस. म्हणून ओके करायचो."

"आणि इथे, दरवर्षी टीव्हीवर फोटो लावायचे तेव्हा?"

"इथे तू शोधू देतेस कुठे? फोटो लागायच्या आत सांगून मोकळी."

"मग इतकी वर्षं खाली बघत काय होतात?"

"तुला," ते म्हणाले. "किती छान गप्प असायचीस."

मला आधी राग आला, मग हसू आलं. मासा दाखवायला हे नव्हते म्हणून मी रडले होते. ह्यांचं हरवलं होतं ते वेगळंच, आणि त्याबद्दल ते चकार शब्द बोलले नव्हते.

मी सोफ्यावर त्यांच्याजवळ सरकले. "शोधा," म्हटलं, "मी सांगत नाही."

ते उठून टीव्हीपाशी गेले. एका फुगवट्यावर बोट ठेवलं. चूक. मी जीभ दातांखाली धरली. मग दुसरीकडे. तेही चूक. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. चहा निवला, कुकरची शिट्टी झाली, मी हललेसुद्धा नाही. त्यांचं बोट स्पंजाच्या कडेने खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"हे तोंड," ते हळूच म्हणाले. "रुसलंय. आणि हा हात टेकलाय. अगं, हा बसलाय की इथे!"

मी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं, नाक टीव्हीला टेकायचं बाकी होतं.

"पुढच्या हिवाळ्यात जा तू," ते म्हणाले. "आत्ता कुठे दिसायला लागलेत मला."